आपोआपवाले नागोजीअण्णा

वीज आली की आमच्या ऑफिसात सगळे आपापल्या कॉम्प्युटरचं बटण दाबायला धावायचे. एकटे नागोजीअण्णा हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. त्यांच्या मशीनचं बटण कायमचं आत दाबून वर चिकटपट्टी मारलेली होती. वीज आली की ते मशीन स्वतःच घुर्र करून उठायचं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकायची, डिस्कची तपासणी व्हायची आणि अण्णांना हवे असलेले प्रोग्रॅम एकामागून एक सुरू व्हायचे. मग अण्णा आमच्याकडे वळायचे.

"मी काय सांगितलं काय त्याला? नाही की! आलं की नाही आपोआप?"

'आपोआप' हा शब्द ते इतक्या भक्तीनं म्हणत, की ऐकणाऱ्यालाही हात जोडावेसे वाटत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्याहून नवाच बंगळूरला आलो होतो. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत एका शेडच्या माडीवर आमची छोटीशी कंपनी होती. खाली दिवसभर लोखंड कापलं जायचं आणि त्या आवाजात वर आम्ही कारखान्यांतल्या भट्ट्यांचं तापमान नोंदवणारा प्रोग्रॅम लिहीत बसायचो. मशिनं सांभाळायचं काम नागोजीअण्णांचं. पन्नाशी उलटलेली, केस पांढरे, कपाळावर गंध आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी टिकली, पण तिला कन्नडची फोडणी अशी बसली होती, की अण्णा आपल्याशी मराठीत बोलतायत हे मला पहिल्या आठवड्यात कळलंच नाही. त्यांना उलट माझीच दया यायची.

"पुणेकर, तुझं मराठी स्वल्प कडक आहे बघ. जरा भिजव की पाण्यात."

अण्णांचा एकच सिद्धांत होता. जी गोष्ट सांगावी लागते ती बिघडलेली आहे. कोपऱ्यावरच्या हॉटेलात ते काउंटरसमोर नुसते जाऊन उभे राहायचे. गल्ल्यावरचा माणूस त्यांना ओळखायचा, त्यामुळे कॉफी समोर यायची. एकदा दुसऱ्या हॉटेलात मी त्यांच्याबरोबर गेलो, तर तिथंही तसेच उभे राहिले. मागची रांग खवळली, पोऱ्या दोनदा फडकं मारून गेला, तरी हे ढिम्म. शेवटी मीच कॉफी मागितली. त्यांनी ती प्यायली, पण परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलले नाहीत.

लग्न का केलं नाहीत, असं मी एकदा आगाऊपणे विचारलं होतं. "कोणी आपोआप आली नाही की," अण्णा म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर काढून कामाला लागले.

असा माणूस लिनक्सच्या प्रेमात पडणार हे उघडच होतं. एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी त्यांनी मशीनमध्ये घातली आणि त्यातली 'आरसी डॉट लोकल' नावाची फाईल त्यांना सापडली. त्यानंतर त्यांनी विंडोजकडे ढुंकून पाहिलं नाही. घरीसुद्धा ऑफिसातल्या मोडक्या भागांतून त्यांनी तसंच एक मशीन जुळवलं होतं. आमचे बॉस रामनाथ यांना लिनक्सची चीड होती, कारण त्यात त्यांना पत्ते खेळता येत नसत. अण्णा त्यांच्यासमोरच आम्हाला शिकवायचे.

"माणूस सकाळी उठला की तोंड धुतो, अंघोळ करतो, देवाला नमस्कार करतो. कोण सांगतो काय त्याला? तसं मशीन. उठलं की ही फाईल वाचायची. वरून खाली. एक काम संपलं की दुसरं. पण एखादं काम न संपणारं असलं तर?"

"तर काय?"

"तर त्याच्या ओळीच्या शेवटी जिलबी लावायची. म्हंजे ते मागे जाऊन आपलं आपलं चालू राहतं आणि वाट मोकळी होते. नाहीतर बसच्या दारातच उभा राहिला बघ तो. खालचे सगळे खालीच."

जिलबी म्हणजे '&' हे चिन्ह. इंग्रजी नाव कोणाच्या तोंडी बसेना म्हणून ऑफिसभर जिलबीच चालायची. मी एकदा ती विसरलो. माझा प्रोग्रॅम दार अडवून बसला, मशीन पुढं जाईना. अण्णांनी अख्खी दुपार मला झापलं. "जिलबी विसरतोस? जेवायला विसरतोस काय कधी?"

हे सगळं कौतुक रामनाथसाहेबांनी एका गोष्टीसाठी सहन केलं होतं. चेन्नप्पा नावाच्या कारखानदाराला आमचा प्रोग्रॅम घ्यायचा होता, पण त्याची अट पक्की होती. त्याच्या भट्टीवरच्या माणसांना कॉम्प्युटरला हात लावायची भीती वाटे. वीज गेली आणि आली, की भट्टी पेटायची पण तापमान बघणारं कोणी नसायचं आणि आतला सगळा माल करपायचा. तेव्हा वीज आली की प्रोग्रॅम कोणी न सांगता सुरू झाला पाहिजे. ही ऑर्डर गेली तर आमचं ऑफिसच बंद पडणार होतं. रामनाथसाहेबांनी अण्णांना स्पष्ट सांगितलं, "तुमचं आपोआप त्या दिवशी चाललं नाही, तर तुमचं लिनक्स बाहेर आणि तुम्हीही बाहेर."

"सरी," म्हणजे बरं, म्हणाले अण्णा. पण त्यांचा चेहरा उतरला हे मी पाहिलं. या वयात दुसरी नोकरी त्यांना कोण देणार होतं?

आणि नेमके याच दिवसांत अण्णा विचित्र वागायला लागले. जेवणाच्या सुट्टीत चेन्नप्पासाठी तयार होत असलेल्या मशीनपाशी दार लावून बसायचे. धोक्याचा भोंगा वाजवायला त्या मशीनला साउंड कार्ड होतं आणि त्याच्याबरोबर आलेला माइकही होता. आतून कुजबुज ऐकू यायची. आमची रिसेप्शनिस्ट दाराला कान लावून आली आणि शपथेवर सांगायला लागली, की अण्णा कुणाला तरी लाडानं 'भिऊ नको, मी आहे' म्हणत होते. ऑफिसात आनंदाचं वातावरण पसरलं. शेवटी कोणीतरी आपोआप आली म्हणायची! आम्ही अण्णांकडे पाहून हसायचो, अण्णा दचकून खिशातला स्क्रूड्रायव्हर चाचपायचे.

ठरल्या दिवशी आम्ही मशीन रिक्षातून चेन्नप्पाच्या कारखान्यात नेलं. मॉनिटर अण्णांच्या मांडीवर होता आणि प्रत्येक खड्ड्याला ते त्याला "स्वल्प सांभाळ रे" म्हणत होते. तिथं मशीन कारखान्याच्या भोंग्याला जोडलं. चेन्नप्पा मोठ्या मिशांचे, खुर्चीत न मावणारे गृहस्थ. त्यांनी मेन स्विच पाडायला सांगितला. अंधार झाला. मग स्विच वर केला. अण्णा हात पाठीमागे बांधून उभे. मशीन उठलं. अक्षरं सरकली. डिस्कची तपासणी झाली. रामनाथसाहेबांनी श्वास रोखला.

आणि भोंग्यातून, अख्ख्या कारखान्यात घुमेल अशा आवाजात, नागोजीअण्णाच बोलायला लागले.

"अक्का, करेंट आलं. दिवा आपोआप लागलाय, कोणी लावला नाही. घरात कोणी शिरलेलं नाही. भिऊ नको, मी आहे. कामावर आलोय, सांजेला येतो."

भट्टीवरची माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली. पडद्यावर तापमानाचा पत्ता नाही. थोडं थांबून भोंगा पुन्हा सुरू झाला. "अक्का, करेंट आलं..." अण्णा बटणाकडे धावले. त्यांना बटणाकडे धावताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण बटणावर त्यांनीच मारलेली चिकटपट्टी काही केल्या निघेना. मला तेव्हा सगळा घोटाळा कळला. घरच्या मशीनसाठी केलेली ही ओळ अण्णांनी तपासायला म्हणून इथल्या फाईलमध्ये घातली होती आणि काढायची राहिली होती. न संपणारं काम, आणि जिलबी नाही! घरच्या मशीनला दुसरं कामच नव्हतं, तिथं जिलबी कशाला लागणार? इथं मात्र अक्काचा निरोप दार अडवून बसला होता आणि आमचा प्रोग्रॅम खाली ताटकळत होता.

रामनाथसाहेबांचा चेहरा पाहवत नव्हता. चेन्नप्पांनी मात्र हात वर केला. "तडी, तडी," ते म्हणाले, म्हणजे थांबा. मग अण्णांकडे बघून कन्नडमध्ये विचारलं, "यारू अक्का?" कोण ही अक्का?

अण्णा मान खाली घालून कन्नडमध्येच बोलले. ती मोठी बहीण. आई गेल्यावर तिनंच वाढवलं. आता डोळ्यांना फारसं दिसत नाही, काही लक्षात राहत नाही. वीज गेली की घाबरते आणि आली की त्याहून जास्त घाबरते, कारण दिवा कोणी लावला हे तिला कळत नाही. म्हणून मशीनला सांगून ठेवलंय, उठलंस की तिला सांग. विसरते म्हणून पुन्हा पुन्हा सांग.

चेन्नप्पा मिशीवरून हात फिरवत राहिले. अण्णांनी निरोप थांबवला आणि फाईलमधली ती ओळ काढली. पुन्हा स्विच पाडला, वर केला, आणि या वेळी तापमानाचे आकडे आपोआप पडद्यावर आले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"माझ्या भट्टीला पण असं बोलता येईल काय?" चेन्नप्पांनी विचारलं. "करेंट आलं, भट्टी पेटली, लक्ष ठेवा, असं? कन्नडमध्ये?"

"सर, ती सोय आमच्यात आहेच," रामनाथसाहेब ताडकन म्हणाले. "आत्ता दाखवली ना!"

ऑर्डर मिळाली. परत येताना रिक्षात रामनाथसाहेबांनी अण्णांना आपल्या घरचे जुने स्पीकर देऊ केले. माफी मागायची त्यांची ती पद्धत होती.

ते स्पीकर पोचवायला मी रविवारी अण्णांच्या घरी गेलो. चामराजपेटेत मागच्या गल्लीत दोन खोल्या. अक्का खिडकीशी विजेवरच्या रेडिओला कान लावून बसली होती. मी कोण हे तिनं परत परत विचारलं आणि दर वेळी पुण्याचं नाव ऐकून तेवढीच खूश झाली. अण्णांनी मला उप्पीट दिलं, न मागता.

संध्याकाळी दिवे गेले. रेडिओ गप्प झाला. अक्का आखडून बसली. मी काही बोलणार, तोच अण्णांनी माझा हात दाबला. मग दिवे आले.

"कोण लावलं?" अक्का ओरडली. "घरात कोण आलंय?" तिनं समोर पाहिलं. तिच्या भावाच्या डोक्यावरचे पांढरे केस तिला अंधुक दिसले असतील. ती भिंतीला चिकटली. "कोण रे तू? जा! नागू येईल आता कामावरून!"

"बोलू नको," अण्णा माझ्या कानाशी म्हणाले. "आपण बोललो की जास्त घाबरते. तिचा नागू अजून काळ्या केसांचा आहे."

कोपऱ्यातलं मशीन सावकाश उठत होतं. अक्षरं सरकत होती. मला कधी कुठल्या कॉम्प्युटरची इतकी घाई झाली नव्हती. अक्काचा श्वास ऐकू येत होता आणि अण्णा तिच्यापासून हातभर अंतरावर परक्यासारखे बसून होते.

"अक्का, करेंट आलं. दिवा आपोआप लागलाय..."

अक्काचे खांदे सैल झाले. सगळं ऐकून घेऊन तिनं मान डोलावली. मग स्पीकरकडे तोंड करून, प्रेमानं विचारलं, "जेवलास काय रे, नागू?"

मशीन गप्प होतं. अक्का उत्तराची वाट बघत होती.

अण्णा पाय न वाजवता उठले, कॉम्प्युटरच्या मागे जाऊन वाकले आणि स्पीकरशी तोंड नेऊन म्हणाले, "जेवलो, अक्का. तू पण जेवून घे."