सिनेट आणि बंब

१९६३ सालच्या सप्टेंबरात पिंपरीच्या कामगार वसाहतीत अमेरिकेच्या सिनेटची काळजी एकटे साहेबराव वाहत होते. अणुचाचणी बंदीच्या करारावर मॉस्कोत सह्या झाल्या होत्या. आता सिनेटची मंजुरी हवी होती. कारखान्यात हजेरी मांडणारे साहेबराव रोज ओसरीवर निकाल देत, "दोन तृतीयांश मतं लागतात. मिळणार नाहीत. लिहून ठेवा!"

"मिळतील," शेजारचे रंगराव म्हणत. त्यांनी वर्तमानपत्र वाचलेलं नसे. साहेबरावांना विरोध करायला त्याची गरजही नव्हती.

दोघांची ओसरी एकच आणि तिच्यावर दोन्ही घरांचे पाणी तापवायचे बंब. साहेबरावांच्या गिरजाबाईंच्या बंबाचा धूर रंगरावांच्या अंबूबाईंच्या वाळत्या लुगड्यांत, अंबूबाईंच्या बंबाचा गिरजाबाईंच्या डोळ्यांत. भांडण रोजचंच. एका रविवारी साहेबरावांनी त्यात जातीनं लक्ष घातलं.

"रंगराव, आपणही करार करू. उघड्यावर बंब पेटवायचा नाही. मॉस्कोतही तसंच ठरलंय. हवेत नाही, पाण्यात नाही, अंतराळात नाही."

"आन् जमिनीखाली?"

"त्याला मनाई नाही."

"मग ठरलं, राव!"

दोघांनी हात मिळवले, चहा प्याले. चहा बायकांनीच आणून दिला; पण करार कशाचा, हे त्यांना सांगावं असं दोघांनाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सांगावं लागलं.

"मला कुणी इचारलं?" गिरजाबाई म्हणाल्या.

"सह्या... म्हणजे शब्द दिलाय. उघड्यावर पेटवायचा नाही."

"उघड्यावर न्हाई ना? बरं." गिरजाबाईंनी बंब उचलून स्वयंपाकघरात नेला, पेटवला आणि खिडकी लावून घेतली.

"अगं, खिडकी तरी उघड!"

"आन् तुमचा करार मोडू व्हय?"

थोड्याच वेळात कौलांतून धूर निघाला. अंबूबाईंनी बोंब ठोकली. रंगराव बनियनवरच कारखान्याच्या फाटकाकडे धावले.

"बंब!" ते धापा टाकत म्हणाले. "साहेबरावांच्या घरात बंब!"

"बंब पायजे?" पहारेकऱ्यानं विचारलं.

रंगरावांना दम लागला होता. त्यांनी मान डोलावली.

कारखान्याचा आगीचा बंब घणघणत आला. साहेबराव आणि गिरजाबाई खोकत बाहेर पडले, तोवर पाण्याचा फवारा सुरू झाला होता. मधली भिंत छपरापर्यंत पोचलेली नसल्यानं रंगरावांच्याही गाद्या भिजल्या. दुपारभर दोघी बायका गाद्या पिळत होत्या आणि करार आधी कोणी मोडला, यावर ओसरीवर दोघे तज्ज्ञ वाद घालत होते.

पुढच्याच आठवड्यात सिनेटनं भरघोस मतांनी करार मंजूर केला.

"मी म्हणतच होतो, होणार!" साहेबराव म्हणाले.

"मी म्हणत हुतो, न्हाई व्हायचा," रंगराव सवयीनं म्हणाले.

ही चर्चा ऐन रंगात असताना परसात दोघी जावांसारख्या शेजारी बसून एकाच बंबात लाकडं सारत होत्या. साहेबराव पंचा खांद्यावर टाकून बादली घेऊन आले.

"ऊन पानी आमाला आन् पोरांना," अंबूबाई वर न बघता म्हणाल्या.

"मग आम्ही?"

"नळ हाय की," गिरजाबाई म्हणाल्या. "जावा दोघं."

दोघे नळाखाली बसले. पहिला तांब्या अंगावर पडला आणि जगाच्या राजकारणावर त्या सकाळी आणखी काही बोलणं झालं नाही.