नाना विशे आणि माझा गुडघा

नाना विश्यांच्या घरी टेनिसचे चेंडू रिटायर होत असत.

डब्यातून नवा निघालेला चेंडू 'सर्व्हिसेबल'. अंगावरची लव झडली की तो 'दुरुस्तीयोग्य', म्हणजे सरावापुरता. आणि टप्पा गुडघ्याच्या वर जाईनासा झाला की नाना त्याला कानाशी धरत, दोन बोटांनी दाबून बघत, मान हलवत आणि पडवीतल्या टोपलीत हलकेच ठेवत. "झाली याची सर्व्हिस पुरी. आता बसून खायचा." त्या टोपलीतला चेंडू मग कुणालाही मिळत नसे. क्रिकेटवाली पोरं मागून मागून थकली. नानांची बायको, जिला सगळे नानी म्हणत, भाजी निवडता निवडता म्हणायची, "माणसाला पेन्शन अर्धी, आन्‌ बॉलांना घर फुकट!"

नाना धरणाच्या कामावर भांडारपाल होते. जन्म स्टोअरमध्ये गेल्यामुळे जगातल्या सगळ्या वस्तूंचे आणि माणसांचे त्यांनी तीनच प्रकार केले होते. सर्व्हिसेबल, दुरुस्तीयोग्य आणि डेड स्टॉक. लग्नात जेवायला बसले तरी पंगतीवरून नजर फिरवून माझ्या कानात सांगत, "तो फेटेवाला पाव्हना दुरुस्तीयोग्य. पलीकडचा नाय, तो गेला." स्वतःबद्दल विचारलं तर छाती ठोकून "सर्व्हिसेबल!" तेव्हा ते साठीच्या पुढे होते.

मूळचे ते मुरबाडकडचे, धसईच्या बाजूचे. घरची भातशेती. टेनिस त्यांच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. पण धरणाचं काम जोरात होतं तेव्हा कॉलनीत साहेब लोकांसाठी एक कोर्ट होतं आणि डबल्स खेळायला चौथा माणूस कमी पडत होता. चेंडूंचा डबा स्टोअरमधून यायचा, म्हणून डब्याबरोबर नानांनाही बोलावलं. त्यांनी रॅकेट धरली ती विळ्यासारखी, आणि बॅकहँड मारला तो भात कापल्यासारखा, खाली वाकून, आपल्याकडे ओढून. साहेब हसले. चेंडू मात्र हसला नाही. तो नेटवरून गेला, जमिनीला चिकटला आणि भलतीकडेच वळला.

पुढे धरण पुरं झालं. साहेबांच्या बदल्या झाल्या, क्लबच्या खोलीला कुलूप लागलं, कोर्टावर टाकळा उगवला. एकोणीसशे नव्वदच्या आसपास नाना रिटायर झाले, सापगावला घर बांधून राहिले आणि ते कोर्ट त्यांनी जणू दत्तक घेतलं. दर दिवाळीच्या आधी टाकळा उपटायचा, मुरूम पसरायचा, रोलर फिरवायचा, दोरी लावून फक्कीच्या रेषा मारायच्या. नेट एका मासेमाराकडून विणून आणलेलं. सगळी मापं मंजूर नकाशाप्रमाणे. त्यात बोटभर फरक त्यांना चालत नसे. रेषेवर पडलेला चेंडू स्वतःच्या विरुद्ध असला तरी तेच आधी ओरडायचे, "आत! आत होता!" मी एकदा सहज म्हटलं, "जाऊ द्या नाना, बाहेर धरू." चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

माझं शहापुरात औषधांचं दुकान आहे. फार्मसी शिकायला पुण्यात होतो तेव्हा मी टेनिस खेळलो. कॉलेजचा चषकही घरात आहे. नानांना खेळायला कुणी उरलं नाही हे कळल्यावर मी दर रविवारी स्कूटर काढून जाऊ लागलो. तेव्हा माझी पस्तिशी. मी त्यांना सहज हरवायचो, मग नानी चहा द्यायची. मी चांगलं काम करतोय असं मला वाटायचं. म्हाताऱ्या माणसाला सोबत देतोय, असं. हे मी बोलून दाखवलं नाही. पण वाटायचं.

मग काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी पंचेचाळिशीकडे सरकलो. पोट आलं. रात्री दुकान बंद करताना शटर ओढलं की खांद्यात कळ यायची. आणि नाना तसेच. उलट रिटायर झाल्यापासून त्यांना दुसरा उद्योगच नव्हता. ते धावत नसत. मधोमध उभे राहत आणि चेंडू इकडेतिकडे कापून ठेवत. मी धापा टाकत धावे. "धावायचं काम बॉलचं, शेट," ते म्हणायचे. "आपला पगार उभं राहायचा." मी एक सेट हरलो. मग दर रविवारी हरू लागलो. एकदा तर मला एकही गेम मिळाला नाही. हात मिळवताना ते म्हणाले, "आज जरा डेड स्टॉक वाटले तुमी." गमतीने म्हणाले. मी हसलो. घरी जाऊन जेवलो नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी निरोप पाठवला, गुडघा दुखतो आहे.

गुडघ्याला काहीही झालं नव्हतं.

मला वाटलं, दोन रविवार जातील आणि विषय संपेल. पण तिसऱ्या दिवशी नाना सापगावहून सायकल मारत दुकानात हजर. हातात दारूच्या चपट्या बाटलीत हिरवट काळं तेल. निरगुडीचा पाला करंजेलात उकळलेला. वास असा की गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं. मी म्हटलं, "नाना, माझं औषधांचं दुकान आहे हो."

"तुमच्या ट्यूबा तुमच्याकडं ठेवा. पाय इकडं करा."

आणि भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर, स्टुलावर बसवून त्यांनी माझ्या गुडघ्याला तेल चोळलं. दाबून विचारलं, "इथं?" मी म्हटलं, "हं." "इथं?" "हं." मान हलवून त्यांनी निदान केलं. "दुरुस्तीयोग्य."

पुढे ते आठवड्यातून दोनदा येऊ लागले. कधी येतील याचा नेम नसे, म्हणून मी दुकानात दिवसभर लंगडू लागलो. काउंटरपासून फडताळापर्यंत लंगडत जायचं, गोळ्या काढायच्या, लंगडत परत. डोळखांबकडच्या पाड्यांवरून येणारी माणसं माझ्याकडचा मलम बाजूला सारून विचारू लागली, "ता तेल नाय का, त्या म्हाताऱ्याचा?" घरी बायकोला सांगितलं होतं, ती म्हणाली, "सरळ सांगून टाका ना, कंटाळा आलाय म्हणून." पण मला कंटाळा आला नव्हता. कंटाळा आला असता तर बरं झालं असतं.

एकदा बाजारात नाना-नानी दोघं समोर आले. मी घाईघाईने लंगडायला सुरुवात केली. नानी माझ्या पायांकडे बघत राहिली.

"अवो, मागल्या टायमाला उजवा व्हता ना?"

नाना तिच्यावरच उखडले. "गप गो! वात आहे तो. वात फिरतो. आज हितं, उद्या तिथं." आणि पुढच्या खेपेला दोन बाटल्या आणल्या, दोन्ही गुडघ्यांसाठी.

नानीच एकदा पाठदुखीची गोळी न्यायला एकटी आली तेव्हा बोलली. "रविवारचा जातोच हो कोर्टावर. एकल्यानं खेळतो. हिकडनं सगळे बॉल तिकडं मारतो, मंग तिकडं जातो, न्‌ तेच बॉल हिकडं मारतो." पैसे पुढे सरकवत ती हसली. "गुण पन बोलतो मोठ्यानं. मी इचारला, जिकला कोन? तर बोलतो, शेट बरा झाल्यावर बघू."

मी गोळ्या कागदात बांधल्या. नेमक्या त्या वेळी लंगडायचं विसरलो.

त्या हिवाळ्यात नानांनी निरोप धाडला, रविवारी या, खेळायला नाही, काम आहे. गेलो. कोर्टावर पोचलो तेव्हा नाना उकिडवे बसून फक्की मारत होते. हात कोपरापर्यंत पांढरे. आधी मला समजलंच नाही काय बदललंय ते. मग दिसलं. मागच्या रेषा खरवडून काढल्या होत्या आणि नव्या रेषा पार आत, नेटच्या जवळ आणल्या होत्या. लग्नाच्या मांडवाएवढंच कोर्ट उरलं होतं.

"तुमच्या गुडघ्यासाठी," नाना उठत म्हणाले. "आता धावायला लागणार नाय. दोन पावलं हिकडं, दोन तिकडं. रोलर मारलाय, खडा नाय ठेवला एक."

"नाना, नकाशा?"

"नकाशा साहेबांचा. ते गेले."

मी तिथे मुरमावर बसलो. म्हटलं, "नाना, माझा गुडघा दुखत नाही. कधीच दुखत नव्हता."

नाना हाताची फक्की झटकत राहिले. मला वाटलं, आता चार दिवस नाही, चार वर्षं बोलणार नाहीत. पण त्यांनी एवढंच विचारलं, "मंग?"

"तुमच्याकडून हरतो मी. सोसत नाही मला. तुम्ही माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे."

"येवढाच?"

"एवढंच."

नानांनी नेटकडे पाहिलं. दोन काठ्यांच्या मधे ते थोडं लोंबलं होतं. जाऊन ते ताणून आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग मी हरंन की. त्यात काय?"

रेषेवरच्या चेंडूसाठी माझ्याशी अबोला धरणारा माणूस हे बोलला. मी त्यांना थांबवायला हवं होतं. "असं नको नाना" एवढे तीन शब्द होते. ते मला सुचले नाहीत असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. सुचले होते.

पुढच्या रविवारी रेषा पुन्हा जुन्या जागी होत्या आणि मी जिंकलो. थोडक्यात जिंकलो, कारण नाना हरण्यातही कारागीर निघाले. पाच-चार, बरोबरी, मग शेवटचा चेंडू त्यांच्या बाजूने आला की सहज एक पाऊल उशीर. त्या वेळी ते वर आभाळात बघत, जणू घार दिसली. मग नेटपाशी येऊन हात पुढे. "छान खेळलात, शेट." आणि मी "थँक्यू" म्हणालो. मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. घरी येऊन दोन वाट्या आमटी प्यालो.

असं ते वर्ष गेलं, त्यानंतरचंही. मी दर रविवारी जिंकत होतो. लंगडणं बंद झालं. "तेलानं बरा केला!" असं नाना गावभर सांगत फिरले. मीही मान डोलावत राहिलो. हळूहळू मला खरंच वाटू लागलं की माझा हात पुन्हा बसला. दुकानात कुणाला तरी मी म्हणालोही, या वयात खेळ उलट सुधारतो, डोकं वापरावं लागतं.

मग सेट लवकर संपू लागले. सहा-तीन, सहा-दोन. नाना आता पुष्कळच चेंडू सोडतात असं मला वाटे. आधी बरं वाटलं, नंतर राग येऊ लागला. दया करायची तर थोडी बेताने करावी माणसाने. समोरच्याला कळू नये इतपत.

जानेवारीतला रविवार होता. धुकं उतरून गवत ओलं होतं. मी त्यांच्या डाव्या हाताला एक साधा चेंडू टाकला. त्यांचा कापणीचा फटका जिथे बसायचा, अगदी तिथेच. ते हलले नाहीत. चेंडू शेजारून गेला आणि मागच्या करवंदीच्या जाळीत अडकला. मग दुसरा, तसाच. मग तिसरा.

मी रॅकेट खाली आपटली. "नाना, इतकं काय सोडता! मी काय लहान पोर आहे? जरा तरी खरं खेळा की!"

नाना जागच्या जागी उभे होते. रॅकेट तशीच विळ्यासारखी धरलेली, पण तिचं टोक मुरमाला टेकलं होतं. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. ती किती दिवसांपासून तशी होत होती, कुणास ठाऊक. मी समोरच होतो, दर रविवारी.

"खराच खेळतोय, शेट," ते म्हणाले.

कुठून सुरू झालं ते मी आठवू लागलो. दिवाळीनंतर? गणपतीत? की त्याही आधी? कुठला चेंडू त्यांनी माझ्यासाठी सोडला होता आणि कुठला त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता? माझे सगळे रविवार मी एकेक करून उलटसुलट करून बघितले. एकाचीही खात्री देता येईना.

"टाका पुढचा," नाना म्हणाले. रॅकेट उचलून ते सरळ झाले. "थंडी वाजते उभं राहिल्यावर."

मी टाकता येईल तितका हळू टाकला. त्यांच्या पुढ्यात, जवळजवळ हातातच. नाना वाकले, विळा आपल्याकडे ओढला, आणि चेंडू हातभर लांबून निघून गेला. या वेळी ते आभाळात बघत नव्हते. चेंडूकडेच बघत होते, तो जाळीत जाऊन पडेपर्यंत.