दाढेवरचा राजा

बायकोपासून सोनं कुठे लपवावं याचा कवळीवाल्यांनी आठ दिवस विचार केला आणि नवव्या दिवशी ते सरळ भंगार सोन्याच्या डबीत टाकलं.

कवळीवाले दंतवैद्यांना कवळ्या आणि सोन्याच्या कॅपा करून देत. घराच्या मागच्या खोलीतच कारखाना. साचे ते करत, ओतकाम बायको करी. तिचा हात जास्त साफ होता. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही बोलत नसत. लपवलेलं सोनं म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं, दीडशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा राजाचं नाणं. बायकोला दिसलं असतं तर त्याचं कानातलं झालं असतं.

"मोठं सोनं मोठ्यांना," ते विकताना नाणेवाला म्हणाला होता. "हे आपल्यासारख्यांना परवडणारं. सोन्याच्या भावाच्या दुप्पट पडेल, पण सोबत इतिहास येतो. वीस वर्षं विसरून जा."

कवळीवाले आज्ञाधारक. डबीत टाकल्यावर चौथ्या दिवशीच विसरले. आठवण झाली तेव्हा डबी रिकामी होती.

"अगं, यातलं सोनं कुठाय?"

"परवाची कॅप केली ना! तुम्हीच म्हणालात, तातडीची आहे."

"त्यात एक गोल, चपटं..."

"होतं की. मळकट. कुणीतरी नाकाडा माणूस होता त्यावर. चांगला घासला आणि वितळवला." तिने नवऱ्याचा पडलेला चेहरा पाहिला. "का हो? नात्यातला होता का?"

कवळीवाले अनवाणीच दंतवैद्यांकडे धावले. कॅप सकाळीच एका निवृत्त करअधिकाऱ्यांच्या दाढेवर कायमची बसली होती. सोन्याचे पैसे बिलात आले होते. बुडाले होते ते इतिहासाचे. निदान कॅप काढून घ्यावी म्हणून ते तसेच साहेबांच्या दारात गेले.

"साहेब, कॅपमध्ये जरा दोष राहिलाय. बदलून देतो."

"दोष? आत्ताच दोन बदाम फोडले तिनं." साहेबांनी चष्मा खाली ओढला. लोकांनी लपवलेलं हुडकण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. "काय लपवताय?"

त्या नजरेपुढे कवळीवाल्यांनी सगळं ओकून टाकलं. साहेब आरशासमोर गेले आणि जबडा वासून उभे राहिले.

"म्हणजे माझ्या तोंडात राजा आहे?"

"होता. आता नुसतंच सोनं..."

"पावती आहे?"

"नाण्याची आहे."

"द्या इकडे."

साहेबांनी इतिहासाचे पैसे मोजले, तेही घासाघीस न करता. अख्ख्या नोकरीत न हसलेला तो माणूस त्या दिवसापासून हसू लागला. दाढ दिसेपर्यंत हसू लागला. साहेब बँकेच्या रांगेत हसले, जिन्यात हसले, एका शोकसभेतही हसले. दर हसण्यामागोमाग खिशातून पावती निघे.

पंधरवड्यात दंतवैद्यांकडे फोन सुरू झाले. "राजा शिल्लक आहे का?" पुढे एका निवृत्त मुख्याध्यापिकेने तर कॅपसाठी धडधाकट दाढ घासून घेतली, कारण शेजारणीच्या तोंडात राजा आला होता.

"लपवाछपवी पुरे," बायको म्हणाली. "मिळतील तेवढे नाकाडे आणा. बाकीचं मी बघते."

कवळीवाल्यांनी आणले. नाणेवाल्याकडचे संपले तसे त्याने गावोगावहून मागवून दिले. आले की बायको घाशी, वितळवी, ओती. कवळीवाले पावती जोडून तिप्पट पैसे लावत. वर्षभरात घराला नवा रंग लागला, बायकोच्या कानात ठसठशीत सोनं आलं आणि साहेब जिल्ह्यातले पहिले राजदंती म्हणून मिरवू लागले.

मग एका दुपारी नाणेवाल्याचा फोन आला.

"अहो, तुमच्यासारखा दूरदृष्टीचा माणूस नाही पाहिला! ते नाणं आता बाजारात औषधालासुद्धा उरलं नाही. एक संग्राहक आलाय, एकेका नाण्याला मोटारीची किंमत देतोय. वीस वर्षांचं सोडा, आजच विका! किती जमवलीत एकूण?"

कवळीवाल्यांनी भिंतीला टेकून मनातल्या मनात तोंडं मोजली.

"एकोणचाळीस."

"बाप रे! मग घेऊन या ना लगेच!"

कवळीवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून गेला होता.

"आत्ता कसं जमेल?" ते क्षीण आवाजात म्हणाले. "आत्ता सगळी जेवताहेत."