परबमॅडमच्या मुद्दाम केलेल्या चुका

परबमॅडम रोज सकाळी दहाला ऑफिसात येतात आणि संध्याकाळपर्यंत चुकीचे प्रोग्राम लिहितात. मुद्दाम. कुठे कंस बंद करायचा नाही, कुठे अवतरणचिन्ह अर्धंच ठेवायचं. त्यातला एखादा बिनतक्रार चालला की त्यांचा चेहरा पडतो.

परळच्या आमच्या ऑफिसात एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा तयार होते. ती वाचणारे प्रोग्राम दोन, आणि ते चूक पकडतात का हे तपासणं मॅडमचं काम. कंपायलर आधी सगळा प्रोग्राम वाचतो, मग कामाला लागतो. इंटरप्रिटर एकेक ओळ वाचत, करत पुढे जातो. हा दुसरा मी लिहिलेला. चाळिसाव्या ओळीत कंस राहिला असला, तर कंपायलर सुरुवातीलाच नाही म्हणतो. माझा एकोणचाळीस ओळी आनंदाने करतो आणि मग बसकण मारतो.

"एकोणचाळीस ओळी प्रोग्राम लिहिणाऱ्याला आशा लावलीस ना?" मॅडम म्हणायच्या.

चूक तीच असेल तर दोघांनी एकाच वेळी, एकाच शब्दांत नाही म्हणायचं, हा त्यांचा हट्ट. मी म्हणायचो, थोडं तरी काम होतंय ना, जाऊ दे. त्या जाऊ देत नसत. एकदा त्या आयकार्ड घरी विसरल्या. ओळखीचा वॉचमन हसून आत सोडत होता. आदल्याच दिवशी एका नव्या मुलीला त्याने याच कारणासाठी थांबवलं होतं, म्हणून मॅडम अर्धा तास गेटवर उभ्या राहिल्या आणि वहीत सही करूनच वर आल्या. वॉचमन दिवसभर ओशाळलेला.

रिलीज तोंडावर असताना त्या रजेवर गेल्या. वडील आजारी होते. रिलीजला त्यांचा होकार हवा म्हणून मी लॅपटॉप घेऊन काळाचौकीला, त्यांच्या माहेरी गेलो. वडील खाटेवर पडून होते, मॅडम त्यांना चमच्याने पेज भरवत होत्या. भिंतीवर भावाच्या लग्नाचा मोठा फोटो. तुमचा कुठाय, असं मी सहज विचारून बसलो.

बाबांना आता ऐकू येत नाही, म्हणाल्या, आणि सांगू लागल्या. त्यांनी जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा बाबांनी चार वर्षं त्यांना दार उघडलं नाही. पुढे भावानेही जातीबाहेरच लग्न केलं. त्याच्यासाठी बाबांनी हॉल घेतला, बँड लावला. भाऊ आता परदेशात असतो.

"नाही म्हणाले त्याचं काही नाही रे," त्या म्हणाल्या. "दोघांनाही तेच म्हणायला हवं होतं."

मी लॅपटॉप उघडलाच नाही. इंटरप्रिटर यापुढे आधी सगळं वाचेल, एवढंच सांगितलं. त्यांनी मान हलवली. तेवढ्यात बाबांनी चमच्यासकट त्यांचं मनगट धरलं. पेज गार झाली, तरी मॅडमनी हात सोडवून घेतला नाही.