बुवांच्या उपरण्यावरचे मुख

"गो लीला, रात्री लावलेली साय-हळद तुझ्या गालाक लागतलीच कशी? सगळी ह्या मांजरपाटाच्या अभऱ्यान पिल्यान!" मुंबईहून आलेल्या कावेरीआत्याने उशी हुंगून निदान केले. "उशयेक रेशीम होया. ता पियत नाय."

उद्याच्या कीर्तनात नांदगावची मंडळी लीलाला लांबूनच बघणार होती. पसंत पडली, तर पुढची बोलणी. हातात रात्र एकच, आणि लीलाच्या वडिलांच्या, अप्पांच्या घरात रेशीमही एकच: कीर्तनासाठी येऊन घरी उतरलेल्या हरिदासबुवांचे उपरणे, दोरीवर वाळत घातलेले.

"उशयेक गुंडाळ आणि सकाळी परत दोरीवर घाल," आत्या म्हणाली. "देवाक सगळा कळता. तो रागावचो नाय."

लीलाला पालथे झोपायची सवय. सकाळी गाल लोण्यासारखे मऊ. उपरण्यावर मात्र पिवळाधमक चेहरा. डोळे, नाक, हनुवटीची खळीसुद्धा! रेशमाने प्यायले नव्हते, पण जपून ठेवले होते. आत्याने घाईने साबण चोळला. हळदीला साबण लागला की काय होते, हे ती मुंबईत विसरली होती. चेहरा कुंकवासारखा लाल झाला. एवढ्यात बुवांची हाक आली. आत्याने डाग आत घालून घडी केली आणि रामाचे नाव घेतले.

कीर्तनात द्रौपदीचा धावा आला. बुवा रंगले, डोळे पाणावले, आणि त्यांनी दोन्ही हातांनी उपरणे उंच पसरले.

मृदंग थांबला.

"देवी परगाटली गो बाये!" बायकांतली काशीबाई ओरडली. बायका फुले घेऊन धावल्या. त्यांत नांदगावच्या यशोदाबाई, होऊ घातलेल्या सासूबाई, सर्वांत पुढे.

गप्प राहिले तर स्थळ राहत होते. पण देवळात लोकांनी आपल्या तोंडाला हात जोडायचे? लीला उठली.

"देवी नाय ती... माझा तोंड आसा. बुवांचा उपरणा मी उशयेक घेतलंय."

अप्पांनी मान खाली घातली. बुवांनी उपरण्याकडे पाहिले, लीलाकडे पाहिले आणि ते पोट धरून हसले. "चाळीस वर्षां लोकांका देवाचा मुख दाखवूक धडपडतंय. दिसला ता तुझा!"

आरतीनंतर यशोदाबाई अप्पांजवळ आल्या. "तुमच्या चेडवाक तोंडाची हौस आसा, पण त्या तोंडान खोटा बोलणा नाय. माका पसंत. मानपान कायएक नको. फक्त रेशमाचे अभरे दोन घाला."

"दोन? नवरो-नवरेचे?" अप्पांनी विचारले.

"एक लीलाचो." यशोदाबाईंनी हळूच आपल्या गालावरून हात फिरवला. "दुसरो कोणाचो, ता इचारू नकात."