हिरव्या उजेडाची प्रदक्षिणा

एका जंगलात एकही झाड नव्हतं. ते उत्तर ध्रुवावर होतं आणि जिकडे पाहावं तिकडे बर्फ. पण राजा सिंह होता, म्हणून जंगलच म्हणायचं. सिंह बर्फात कसा, असं विचारू नका मुलांनो. एका सशाने विचारलं होतं.

तिथे आकाशात हिरवा उजेड नाचायचा. तो आपल्याच तेजाचा, असं सिंह सांगे. ते सिद्ध करायला त्याने अंतराळयान बांधलं. हत्ती म्हणाला, पाठ धरलीय. माकडाच्या घरी नेमकं लग्न निघालं. राहिली सगुणा खार.

"वरून नीट बघ," सिंह म्हणाला. "सगळ्यात जास्त उजेड माझ्या गुहेवर दिसला पाहिजे. नाहीतर शेपटीवर पाणी सोड."

यान सुटलं. वर पोचताच सगुणाचं वजनच नाहीसं झालं. ती उलटी झाली, सुलटी झाली, हातातला शेंगदाणा सुटला तर तोही शेजारी तरंगू लागला. तिला हसू आवरेना. हसत हसतच तिने खिडकीतून खाली पाहिलं. ध्रुवाभोवती उजेडाचं भलंमोठं हिरवं कडं लवलवत होतं, कडेला गुलाबी. इतकं सुंदर काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

आणि कड्याच्या मधोमध काळाकुट्ट अंधार. सिंहाची गुहा नेमकी तिथेच.

सगुणाने शेपटी पोटाशी घट्ट धरली.

"काय दिसतंय?" कर्ण्यातून सिंहाचा आवाज आला. खाली अख्खा दरबार ऐकत होता.

"महाराज, उजेड गोल आहे."

"आणि माझी गुहा?"

"मधोमध."

"तिथे किती उजेड आहे?"

"महाराज, गाभाऱ्यात कधी उजेड असतो का? उजेड आपल्याला प्रदक्षिणा घालतोय."

दरबारात टाळ्यांचा कडकडाट झाला.

सगुणा नाचतच खाली उतरली, तोवर फर्मान निघालं होतं. आकाशातला उजेड प्रदक्षिणा घालतो, तर प्रजेने बसून का राहावं? कड्याखाली राहणाऱ्या प्रत्येकाने कड्याखालूनच राजाभोवती रोज एक फेरी घालावी. ध्रुवावर दिवस सहा महिने आणि रात्र सहा महिने, हे तुम्हाला भूगोलात येईलच. तेवढ्यात कशीबशी एक फेरी होते. मग लगेच दुसरा दिवस उजाडतो.

सगुणाचं घर कड्याखालीच होतं. शोध तिचा, म्हणून सगळ्यांच्या पुढे चालायचा मान तिला मिळाला. मागून तिची म्हातारी आई धापा टाकत येत होती.

"सगुणे," ती म्हणाली, "खाली ढग होते म्हणाली असतीस, तर काय बिघडलं असतं गं?"

तात्पर्य: खरं बोलणाऱ्याची शेपटी जाते आणि गोड बोलणाऱ्याच्या आईचे पाय दुखतात. म्हणून मुलांनो, विज्ञानाची आवड असेल तर ढगाळ दिवस निवडावा.