जाग आल्याची नोंद

"तुमच्या साडूंच्या नोंदी म्हणे जगभर गेल्या," बायको फोनवरची नजर न काढता म्हणाली. "छोटीचा निरोप आलाय. सोबत फोटो पण आहे, स्क्रीनचा."

थोरल्या जावयांनी चहाचा मोठा घोट घेतला. चहा चांगलाच गरम आहे, हे घोट घशाखाली उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

थोरले आणि धाकटे हे एकमेकांचे साडू. दोघं एकाच ऑफिसात, एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून बसत. तिथे लिफ्ट चालवणारे छोटे कॉम्प्युटर तयार होत. त्या कॉम्प्युटरच्या पोटातला कर्नल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामना कामं वाटून देणारा मुख्य कारभारी, सांभाळणं हे या दोघांचं काम. धाकट्यांना ही नोकरी थोरल्यांनीच मिळवून दिली होती. मेहुणीचं लग्न ठरलं तेव्हा नवरामुलगा रिकामाच होता. सासऱ्यांनी शब्द टाकला, थोरल्यांनी मॅनेजरबाईंच्या कानावर घातलं आणि मुलगा चिकटला. चिकटला तो असा, की आता मॅनेजरबाई खोलीत आल्या की आधी त्याच्या टेबलाकडे जात.

"नोंदी म्हणजे नक्की काय हो?" बायकोने विचारलं.

"काही विशेष नाही. कर्नलमध्ये सारखं काहीतरी घडत असतं. हा प्रोग्राम झोपला, तो जागा झाला, तिसऱ्याने त्याचं काम अडवलं. यातलं काय टिपायचं ते आधी ठरवून द्यावं लागतं. घटनेचं नाव काय, नोंदीत रकाने कोणते, कुठल्या रकान्याला किती जागा द्यायची, आणि माणसाला वाचताना ती ओळ कशी दिसेल. बस."

"म्हणजे कोरा फॉर्म तयार करायचा."

"फॉर्मच म्हण."

"मग तो जगभर कसा गेला?"

याचं उत्तर थोरल्यांना माहीत होतं आणि तेच तर दुखणं होतं. धाकट्यांनी रकाने असे काही रचले होते की मध्ये तसूभर जागा वाया जात नव्हती. जगभरातले शेकडो लोक जो मूळ कर्नल मिळून सांभाळतात, त्यांनी धाकट्यांची ती व्याख्या, म्हणजे तोच फॉर्म, एक अक्षर न बदलता स्वीकारली होती. थोरल्यांनीही मागे एक व्याख्या पाठवली होती. तिच्याखाली कुणा अनोळखी माणसाने एवढंच लिहिलं होतं की मधल्या रिकाम्या जागा मुद्दाम सोडल्या आहेत का.

"शुक्रवारी ऑफिसात छोटासा सत्कार आहे त्यांचा," बायको म्हणाली. "बाबा पण जाणारेत."

"माझ्या बढतीच्या वेळी बाबांचे गुडघे दुखत होते ना?"

"आता बरे आहेत," बायको म्हणाली आणि कप विसळायला उठली.

ऑफिसात पोचल्या पोचल्या थोरल्यांनी धाकट्यांची ती व्याख्या उघडली. सुनेच्या स्वयंपाकात केस शोधावा तशी त्यांनी ती ओळीओळीने तपासली. प्रोग्रामला जाग आली की नोंद करायची, इतकी साधी गोष्ट होती. रकाने चोख होते. नावं सुटसुटीत होती. आणि मग त्यांना ती अट दिसली.

नोंदी गोळा करून साठवणारा एक प्रोग्राम होता. तोही धाकट्यांनीच लिहिलेला. अट अशी होती की या गोळा करणाऱ्या प्रोग्रामला जाग आली तर तिची नोंद करायची नाही.

थोरले खुर्चीत मागे रेलले. म्हणजे साऱ्या जगाची जाग टिपायची आणि आपल्या लाडक्याची तेवढी झाकून ठेवायची, तो सारखा उठून कॉम्प्युटरचा वेळ खातो हे कुणाला कळायला नको. याला म्हणतात सफाई. या सफाईचा सत्कार होणार होता आणि त्याला गुडघे बरे करून सासरे येणार होते.

"काय हो," त्यांनी मान न वळवता विचारलं, "तुमचा तो गोळा करणारा प्रोग्राम, तो फार वेळा उठतो का?"

"कामापुरता उठतो, दादा," धाकटे मागून म्हणाले.

हे उत्तर थोरल्यांना अतिशय संशयास्पद वाटलं. तिथेच 'ती अट कशाला घातली' असं सरळ विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण विचारणं म्हणजे आपल्याला कळलं नाही हे कबूल करणं, आणि धाकट्यांपुढे ते कबूल करण्यापेक्षा त्यांनी लिफ्ट सोडून रोज जिने चढणं पत्करलं असतं.

त्यांनी मनाशी बेत आखला. नवीन कर्नल आधी ऑफिसच्याच लिफ्टवर चालवून बघायची पद्धत होती आणि तो तिथे बसवायचा अधिकार थोरल्यांकडे होता. शुक्रवारी सकाळी त्यांनी अट काढून टाकलेला कर्नल लिफ्टच्या कॉम्प्युटरवर चढवला. एकदा सुरू केलेल्या नोंदी लिफ्ट बंद करून चालू केली तरी आपोआप पुन्हा सुरू व्हाव्यात अशीही सोय केली, म्हणजे एकही जाग सुटायला नको. सत्काराच्या वेळी सहज म्हणून यादी काढायची आणि सहज म्हणून विचारायचं, "हे तुमचंच ना?" 'सहज' हा शब्द ते आरशासमोर दोनदा म्हणूनही आले.

पाहुण्यांना आणायला मॅनेजरबाई स्वतः खाली गेल्या. त्या सासऱ्यांना घेऊन लिफ्टमध्ये शिरल्याचं थोरल्यांना कॅमेऱ्यात दिसलं. त्यांनी नोंदी सुरू केल्या.

लिफ्ट थोडी वर आली आणि दोन मजल्यांच्या मधोमध थांबली.

थोरल्यांनी नोंदी बंद करायचा हुकूम सोडला. कॉम्प्युटरने उत्तर दिलं नाही. पुन्हा सोडला. पडद्यावर ओळींचा लोंढा वाहत होता आणि त्यांचा हुकूम त्यात वाहून गेला होता. तेवढ्यात लिफ्टमधल्या स्पीकरवरून सासऱ्यांचा आवाज आला.

"जावईबापू."

"आलो बाबा," दोघेही एकदम म्हणाले.

"यायची घाई करू नका, मी कुठे जात नाहीये," सासरे म्हणाले. ते अग्निशमन दलातून निवृत्त झाले होते आणि अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. स्वतः अडकण्याची मात्र ही पहिलीच वेळ होती आणि आवाजावरून तरी ती त्यांना आवडलेली दिसत होती. "ब्रेक व्यवस्थित लागलाय. बाईंना मी खाली बसवलंय. त्यांना गोदामाच्या आगीची हकीकत सांगतोय."

"लवकर करा," मागून मॅनेजरबाईंचा बारीक आवाज आला.

"लिफ्टचा कॉम्प्युटर बंद करून चालू करू," धाकटे म्हणाले. दोघं जिन्याने धावत गच्चीवरच्या मशीनच्या खोलीशी गेले. खोलीला कुलूप होतं. किल्ली मॅनेजरबाईंच्या पर्समध्ये होती आणि पर्स त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये.

दोघं तसेच खाली धावले. सासऱ्यांनी तोवर आतून दरवाजा हातभर सरकवला होता. फटीतून किल्ली आली आणि पाठोपाठ सूचनाही आली, "जिना चढताना तोंडाने श्वास घेऊ नका, थोरले. इथपर्यंत ऐकू येतंय."

धाकट्यांना असं काही सांगावं लागलं नाही, हे थोरल्यांनी धापा टाकतानाही टिपून ठेवलं.

खोली उघडली. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. लिफ्ट एक हिसका देऊन वीतभर सरकली आणि पुन्हा थांबली. नोंदी आपोआप सुरू झाल्या होत्या. तशी सोयच केलेली होती.

धाकटे भिंतीवरच्या छोट्या पडद्याकडे बघत राहिले. "गंमत आहे, दादा. एकच ओळ परत परत येतेय. गोळा करणाऱ्याला जाग आली. गोळा करणाऱ्याला जाग आली."

"मग?" थोरले क्षीण आवाजात म्हणाले.

"मग काय. त्याला जाग आली की नोंद होते. नोंद झाली की ती उचलायला त्याला उठवावं लागतं. तो उठला की पुन्हा नोंद. आता कॉम्प्युटर एवढंच करत बसलाय, लिफ्ट हलवायला त्याला फुरसतच नाही. याचसाठी तर मी तिथे अट घातली होती." त्यांनी व्याख्या उघडून पाहिली. "अट गेली कुठे पण?"

खाली सासरे आणि मॅनेजरबाई लटकत होते. पडद्यावरची ओळ थांबत नव्हती.

"मी काढली," ते म्हणाले. "परत घाला ती."

"का काढलीत?"

"मला वाटलं, तुम्ही काहीतरी लपवताय."

धाकट्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आपला लॅपटॉप जोडला आणि अट असलेला जुना कर्नल परत चढवला. लिफ्ट सावकाश वर आली.

दार उघडलं तेव्हा गोदामाची आग अजून विझायची होती. मॅनेजरबाई भिंतीला धरून बाहेर आल्या. "झालं काय होतं?" त्यांनी विचारलं.

थोरल्यांनी डोळे मिटून घेतले.

"नोंदींमधली एक अट जागेवर नव्हती," धाकटे म्हणाले. "दादांनी सांगितलं म्हणून पटकन सापडली. नाहीतर मी शोधतच बसलो असतो."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मॅनेजरबाईंनी थोरल्यांचा हात हातात घेतला. सत्कारात फुलांचा गुच्छ धाकट्यांना मिळाला खरा, पण सासरे बोलायला उभे राहिले ते थोरल्यांवरच. लिफ्ट थांबवणाऱ्या नोंदी कोणाच्या आणि ती सोडवणारी नजर कोणाची, याचा त्यांनी जो हिशेब लावला तो ऐकून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्यांनीही वाजवल्या आणि तेही अगदी मनापासून. ते मनापासून वाजवणं थोरल्यांच्या काळजात काट्यासारखं रुतलं.

घरी बायको भलतीच खुशीत होती. "काही म्हणा, तुमच्या साडूंचं मन मोठं. स्वतःच्या सत्कारात तुमचं नाव पुढे केलं. कोण करतं?"

थोरले जेवणावरून अर्धपोटी उठले. रकाने चांगले मांडतो, हे एक वेळ चाललं असतं. जिने चढताना धापा टाकत नाही, हेही चाललं असतं. पण आता मनाच्या मोठेपणातही हा पुढे. तेही थोरल्यांच्या चुकीवर उभं राहून. हे काही सहन होण्यासारखं नव्हतं. मोठेपणात त्याला मागे टाकायचं तर एकच वाट होती. त्यांनी सासऱ्यांना फोन लावला.

"बाबा, खरं सांगतो. लिफ्ट माझ्यामुळे अडकली. ती अट मीच काढली होती. धाकट्यांची काही चूक नाही."

पलीकडून सासऱ्यांचा घोगरा आवाज आला. "थोरले, माझी सगळी नोकरी साहेब लोकांच्या चुका अंगावर घेण्यात गेली. अंगावर घेतलेली चूक मला लगेच ओळखू येते. धाकट्यांना सांभाळून घेताय तुम्ही. मी आता सांगतोच त्यांना, शिका म्हणावं काहीतरी थोरल्यांकडून."

"अहो बाबा, पण मी खरंच..."

"पुरे. आणखी नका लाजवू मला," म्हणून सासऱ्यांनी फोन ठेवला.

सोमवारी धाकटे ऑफिसात आले ते नेहमीसारखे हसले नाहीत. बॅग टेबलावर आपटली, खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच ती वळवून थोरल्यांकडे तोंड करून बसले.

"बाबांचा फोन होता," ते म्हणाले. "माझी चूक तुम्ही पोटात घातलीत म्हणे."

"मी त्यांना खरं तेच सांगितलं. त्यांना पटलं नाही."

"चार लोकांत मी तुमचं झाकलं, दादा. तुम्ही नुसता एक फोन केलात. आणि मोठं मन तुमचं? आमच्या घरात दोन दिवस दुसरा विषय नाही. ही सुद्धा म्हणते, थोरल्यांचं काहीतरी घ्या."

बोलता बोलता धाकट्यांचे ओठ पातळ झाले आणि नजर थोरल्यांच्या टेबलावरून उगाचच फिरू लागली. कीबोर्ड, पेन, चहाचा कप, जणू त्यातलं काहीतरी आपल्याहून चांगलं असणारच. थोरल्यांना ती नजर लांबून सुद्धा ओळखता आली असती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना या माणसाबद्दल आतून आपुलकी वाटली.

त्यांनी आपल्यासमोरचा चहा उचलून धाकट्यांपुढे ठेवला.

"घ्या," ते मायेने म्हणाले. "सुरुवातीला जरा जड जातं."